दहा फेऱ्या

“सही कर, खैरनार,” सरोदे साहेब म्हणाले. पेनाचं टोपण त्यांनी स्वतःच काढून ठेवलं होतं.

टेबलावर टाइप केलेला एक कागद होता आणि तो पंख्याने उडू नये म्हणून त्यावर एक कॉम्प्रेसर ठेवलेला होता. कुणाच्या तरी गाडीतून काढून परत आलेला. त्याच्या पुढच्या बाजूने तेल ओघळलं होतं आणि तेलावर रस्त्याची धूळ बसून काळी खपली धरली होती. मी कॉम्प्रेसर उचलून बाजूला ठेवला आणि कागद हातात घेतला.

“वाचतेस काय? मीच लिहिलंय.”

“म्हणूनच वाचते, साहेब.”

कागद इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर त्याचा मतलब असा: पॅकिंग विभागातील कामगार श्रीमती सिंधूबाई निकम यांनी नेमून दिलेलं काम टाळलं. त्यामुळे तेवीस कॉम्प्रेसर गळके निघाले. सदर कामगारास आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली सरोदे साहेबांची सही होती. तिच्या शेजारी एक रिकामी रेघ होती आणि रेघेखाली माझं नाव, इंदुमती खैरनार, तपासनीस.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, नाशिकच्या सातपूरमधली. आमच्या कारखान्यात गाड्यांच्या एसीचे कॉम्प्रेसर तयार व्हायचे आणि पुण्याकडच्या एका मोठ्या गाडी कंपनीला जायचे. ते बंद पडले की कंपनीचा माणूस यायचा. तसा तो त्या दिवशी आला होता. प्रभुणे साहेब. सकाळी नऊलाच त्यांनी आपल्या गाडीच्या डिकीतून ते तेवीस कॉम्प्रेसर उतरवून घेतले होते आणि आता ते कारखान्यात एकटेच फिरत होते. साडेअकराला बैठक होती. तोवर हा कागद तयार हवा होता.

“साहेब, मावशींनी काम टाळलं नाही,” मी म्हटलं. “फेऱ्या तुम्ही बंद करायला सांगितल्या होत्या.”

“कुठे लिहिलंय?”

लिहिलेलं कुठेच नव्हतं.

“जे लिहिलंय ते हे आहे.” त्यांनी खणातून चेकशीटचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे टाकला. “हा रकाना बघ. ‘शाफ्ट हाताने दहा वेळा फिरवला.’ प्रत्येक पानावर टिक आहे. खाली सही कोणाची? तुझी. आता तूच सांग, खोटं कोण? ती, का तू?”

मी पानं उलटली नाहीत. त्या पानांवर काय आहे ते मला पाठ होतं.

“तुला बाहेर पडायला मी एक दार ठेवलंय,” सरोदे साहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले. “ती तुझ्या पाठीमागे काम टाळत होती, तुला कळलं नाही, एवढंच. मालकांनी बाईला तपासनीस करायला नाही म्हटलं होतं, ठाऊक आहे ना? मी भांडलो तुझ्यासाठी. माझं नाक कापू नकोस.”

ते खरं होतं. तो पांढरा कोट मला त्यांच्यामुळेच मिळाला होता. कारखान्यात पांढरा कोट घालणारी मी पहिली बाई.

“अर्धा तास द्या,” मी म्हटलं आणि कागद टेबलावरच ठेवून बाहेर आले.

आता त्या फेऱ्या काय भानगड आहे, ते सांगायला हवं. गल्लीतल्या मुलांना हे समजावताना मी सायकलच्या पंपापासून सुरुवात करते. पंपात हवा दाबली की ती नळीतून जोराने निघते. कॉम्प्रेसर म्हणजे तसाच एक दणकट पंप. त्याला गाडीचं इंजिन पट्ट्याने फिरवतं आणि तो थंडावा देणारा वायू दाबून नळ्यांमधून पुढे ढकलतो. पंप बंद डब्यात असतो, पण त्याला फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, डब्याबाहेर आल्याशिवाय पट्टा बसवणार कशावर? म्हणून जिथून तो बाहेर येतो तिथे एक रबरी कडं असतं. त्याला म्हणायचं सील. सगळा वायू त्या एवढ्याशा कड्याने अडवून धरलेला असतो. कड्याच्या आतल्या काठाला आम्ही ओठ म्हणायचो. तो ओठ कायम तेलाने ओला हवा. कोरड्या ओठावर शाफ्ट गरागरा फिरला की ओठ फाटतो, वायू थोडा थोडा निसटतो आणि ऐन मे महिन्यात गाडीतली माणसं काचा खाली करून घाम पुसत बसतात.

कॉम्प्रेसर तयार झाला की आम्ही तो यंत्रावर फिरवून बघायचो. मग तपासणीचं तेल सगळं काढून टाकायचं आणि मोजून नवं, स्वच्छ तेल भरायचं. ते तेल तळाशी जाऊन बसतं. ओठापर्यंत आपणहून चढत नाही. म्हणून पेटीत घालण्याआधी शाफ्ट हाताने दहा वेळा फिरवायचा. एवढंच काम. त्याला ना मशीन लागत, ना शिक्षण. लागतं ते एक मिनिट आणि मनगट.

मी कारखान्यात आले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि हे काम मला सिंधूमावशीने शिकवलं. ती सिन्नरकडची. मनगट असं की भाकरी थापताना परात हलायची. वाचता यायचं नाही, सही तेवढी गिरवून शिकली होती. पहिल्या दिवशी तिने माझ्यापुढे कॉम्प्रेसर ठेवला आणि म्हणाली, “फिरव. मोठ्यांदा मोज.”

मी सातला थांबले. “मावशी, झालं की. आता हलका फिरतोय.”

“तुला हलका लागला. त्याला इचारलं का? दहा म्हंजे दहा.”

पाच वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहून फेऱ्या मारल्या. मग मी बारावी पास आहे हे सरोदे साहेबांच्या ध्यानात आलं आणि मी तपासनीस झाले. कोट मिळाला त्या दिवशी मावशीने तो हट्टाने घरी नेला आणि खिशावर निळ्या दोऱ्याने माझं नाव भरून आणलं. अक्षरं मी कागदावर काढून दिली होती. वाचता न येताही तिने त्यांचा एकही टाका चुकवला नव्हता.

सहा आठवड्यांपूर्वी कंपनीची मागणी वाढली. दिवसाला चाळीसच्या जागी साठ नग हवे झाले. एका सकाळी सरोदे साहेब पॅकिंगपाशी आले, घड्याळ लावून उभे राहिले आणि म्हणाले, “या फेऱ्या बंद. यंत्रावर हजारो वेळा फिरतो तो, त्याला तुमच्या दहा फेऱ्यांनी काय होणार?”

ते मूर्ख नव्हते. डिप्लोमा झालेले, हुशार गृहस्थ. यंत्रावर फिरतो ते तेल आपण काढून टाकतो, हे त्यांना माहीत होतं. घाईत दोन्ही गोष्टी एका वेळी आठवल्या नाहीत, एवढंच. आणि त्यांना ते सांगण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती.

“मग रकान्यात काय लिहू?” मी विचारलं होतं.

“रकाना काढायचा तर कंपनीची परवानगी काढावी लागेल. दोन महिने जातील. तू टिक करत राहा.”

ते गेल्यावर मावशी माझ्याकडे वळली होती. “इंदे, हे बरं नाही. कोरडा जाईल तो. तू बोल त्यांना. तू आता कोटवाली.”

“साहेबांनी सांगितलंय मावशी,” मी म्हटलं होतं.

एका पानावर तीस चौकटी होत्या. पहिले दोन दिवस मी खोट्या टिका एकेक करून मारल्या. मग हात कंटाळला. पहिल्या चौकटीत पेन टेकवायचं आणि शेवटच्या चौकटीपर्यंत एक लांब रेघ ओढायची. सगळ्या कारखान्यांतले सगळे तपासनीस असंच करतात. त्यात काही पाप आहे असं कुणाला वाटत नाही, मलाही वाटलं नाही.

पॅकिंगला पोचले तेव्हा मावशी पेटीला पट्टी चिकटवत होती. माझ्याकडे बघून तिने पट्टी दाताने तोडली.

“काय गं? तोंड का उतरलं?”

मी सांगितलं. कागदावर काय लिहिलंय तेही शब्दाला शब्द सांगितलं. हाताखालच्या दोन्ही मुली काम थांबवून ऐकू लागल्या.

“तुम्ही चालू द्या,” मावशी त्यांच्यावर खेकसली. मग मला म्हणाली, “टाळलं? असं लिवलंय?”

“हो.”

“मी? कामचुकार?”

“मावशी, नोकरी...”

“नोकरीचं म्हणत नाही मी. चार घरची धुणी धरीन. पण मी फेऱ्या चुकवल्या असं पुण्याच्या माणसाला वाचून दाखवणार हे?” तिने हातातली पट्टी गोळा करून फेकली. “मी तुला इचारलं होतं. इचारलं होतं का नव्हतं?”

“विचारलं होतं.”

“तू काय म्हणलीस?”

“साहेबांनी सांगितलंय, म्हटलं.”

“मग आता तेच जाऊन सांग ना. माझं तोंड काय बघते?”

“सांगितलं तर रकान्याचं पण सांगावं लागेल. माझ्या टिकांचं.”

मावशीने मान वाकडी करून माझ्या खिशावरच्या निळ्या अक्षरांकडे पाहिलं.

“ते तुझं तू बघ,” ती म्हणाली. “माझं काय ते मी सांगितलं.”

साडेअकराला मी बैठकीत शिरले तेव्हा प्रभुणे साहेब खुर्चीत बसलेले नव्हते. बारीक अंगाचे, बाह्या दुमडलेले, खिडकीपाशी उभे राहून एक गळका कॉम्प्रेसर हातात फिरवत होते. सरोदे साहेबांनी हसून कागद पुढे केला.

“कारण सापडलंय सर. माणसाची चूक. कारवाई पण झालीच म्हणून समजा. खैरनार मॅडम, सही राहिलीय तेवढी तुमची.”

मॅडम मी फक्त पाहुण्यांपुढे असायचे.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

“खैरनार.”

“कागदात लिहिलंय ते खोटं आहे. सिंधूबाईंनी काम टाळलं नाही. फेऱ्या बंद करा असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मी तिथे उभी होते.”

प्रभुणे साहेबांनी कॉम्प्रेसर खाली ठेवला. “कोणी सांगितलं?”

“सरोदे साहेबांनी. तोंडी.”

“सर, या बाईंचं आणि त्या कामगाराचं फार सख्य आहे,” सरोदे साहेब घाईने म्हणाले. “एका ताटात जेवतात. यांची स्वतःचीच चेकशीट बघा. सहा आठवडे रोज टिक आहे. फेऱ्या बंद होत्या तर टिक कशी?”

प्रभुणे साहेबांनी गठ्ठा ओढला. पानं उलटत गेले. एकेका पानावर वरून खाली उतरलेली माझी सरळ निळी रेघ.

“ही कोणाची?”

“माझी,” मी म्हटलं. “बघितल्याशिवाय मारलेली आहे. छत्तीस दिवस. रोज साठ नग, म्हणजे दोन हजार एकशे साठ चौकटी. पहिले दोन दिवस टिका आहेत. पुढे रोजच्या दोन, अशा अडुसष्ट रेघा. सगळं खोटं आहे.”

प्रभुणे साहेबांनी एका रेघेवर बोट ठेवलं.

“तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय बोलताय?” प्रभुणे साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण मला तो चढलेल्यापेक्षा जास्त लागला. “या रेघेवर भरवसा ठेवून आमच्याकडे तुमचा माल न तपासता गाडीला लावतात.”

“कळतंय.”

“मग आज जे बोलताय त्यावर मी का भरवसा ठेवू?”

प्रश्न रास्त होता.

“ठेवू नका,” मी म्हटलं. “स्वतः बघा. स्टोअरमध्ये याच सहा आठवड्यांतल्या पेट्या पडल्यात. सहा काढा, तुमच्या हाताने निवडून. तीन तशाच यंत्राला लावा. तीन आधी सिंधूबाई फिरवून देतील. अर्धा तास चालवा आणि पाण्यात बुडवा. गळती सीलमधून आहे आणि ती फेऱ्यांनी थांबते, हे नाही दिसलं तर त्या कागदावर सही करीन. वर माझा राजीनामाही देईन.”

“सर, यंत्र अडकवलं तर आजचे साठ होणार नाहीत,” सरोदे साहेब म्हणाले.

“बाईंना काढून मला काय मिळणार, सरोदे?” प्रभुणे साहेब बाहेर निघता निघता म्हणाले. “पुढच्या महिन्यात आणखी तेवीस? स्टोअर कुठे आहे?”

पेट्या त्यांनी वेगवेगळ्या थप्प्यांमधून काढल्या. मावशीला बोलावलं. ती पदर खोचून आली, साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि कुणाकडे न बघता पहिल्या कॉम्प्रेसरचा शाफ्ट धरला.

“एक,” ती म्हणाली आणि थांबली. “ऐकलं का साहेब?”

प्रभुणे साहेबांनी कान जवळ नेला. आतून बारीक कुरकुर येत होती.

“कोरडा आहे. आता ऐका. दोन. तीन. चार.” पाचव्या फेरीला कुरकुर विरली. सातव्याला शाफ्ट लोण्यासारखा फिरू लागला. सरोदे साहेब म्हणाले, “झालं, लावा आता.” मावशीने मानही वर केली नाही. “आठ,” ती म्हणाली. “नऊ. दहा.”

तिन्ही झाल्यावर ती बाजूला सरली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याशी बोलली मात्र नाही.

सहा कॉम्प्रेसर अर्धा अर्धा तास यंत्रावर चालले. यंत्राला एका वेळी तीन लागायचे. म्हणजे तासाहून जास्त वेळ आम्ही चौघंजण तिथेच उभे. जेवणाची शिटी झाली, कुणी गेलं नाही. उलट हातात डबे घेऊन यंत्रांवरची माणसं लांबून बघायला जमली.

पाण्याची टाकी म्हणजे पुढून काच असलेली लोखंडी पेटी, मागे दिवा. कॉम्प्रेसरमध्ये कोरडी हवा भरायची, तोंडं बंद करायची आणि बुडवायचा. बाहेरून चिकटलेले बुडबुडे आधी हाताने पुसून काढायचे, नाहीतर डोळा फसतो. मग एक मिनिट नुसतं बघायचं. प्रभुणे साहेबांनी दंडापर्यंत हात पाण्यात घातला आणि पहिला, न फिरवलेला, बुडवला.

पाणी स्वच्छ राहिलं. दहा सेकंद. तीस. साठ. एकही बुडबुडा नाही.

सरोदे साहेब हसले. “बघा. फेऱ्या न मारता पास. म्हणजे दोष फेऱ्यांचा नाहीच. सर, सीलच खराब आलं असणार, मी सील पुरवणाऱ्याला पत्र...”

“मघाशी बाईंचा दोष होता,” प्रभुणे साहेब म्हणाले. “आता सीलवाल्याचा?”

मावशीने माझ्या कोटाची बाही मागून घट्ट धरली.

“पेटी आडवी झाली की एखाद्याच्या ओठाला तेल लागतं. दुसरा घाला,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

दुसरा पाण्यात गेला. प्रभुणे साहेबांनी त्याचं अंग पुसून हात मागे घेतला. काही नाही. मग शाफ्टच्या मुळापाशी मोहरीएवढा एक मणी दिसला. तो फुगला, सुटला, वर गेला. त्याच्या जागी दुसरा आला. मग तिसरा. शेवटी तिथून मण्यांची माळ सुटली आणि थांबेचना.

डबेवाल्यांपैकी कुणीतरी “आयला” म्हणालं.

तिसराही तसाच, उलट जास्त जोरात. मग मावशीने फिरवलेले तीन, एकामागून एक. प्रभुणे साहेबांनी त्यांना मिनिटाऐवजी तीन तीन मिनिटं पाण्यात ठेवलं. पाणी इतकं निश्चल होतं की काचेत आमचे चेहरे दिसत होते.

त्यांनी हात बाहेर काढला, रुमालाने पुसला आणि मावशीला विचारलं, “तुम्हाला हे कोणी शिकवलं?”

“कारखाना सुरू झाला तवा मद्रासचा एक म्हातारा मिस्तरी आला होता. त्याची भाषा मला येईना, माझी त्याला. त्यानं बोटं दाखवली, दहा.” तिने दोन्ही पंजे उघडून दाखवले. “म्या इचारलं नाही का म्हणून. पण पहिल्या फेरीचा आवाज आन् दहाव्याचा आवाज, दोन्ही ऐकलं की कळतं.”

आम्ही परत बैठकीच्या खोलीत आलो. प्रभुणे साहेबांनी टाइप केलेला कागद आडवा फाडला.

“फेऱ्या आजपासून चालू. तसं लेखी काढा. स्टोअरमधली प्रत्येक पेटी उघडायची आणि फिरवायची,” ते सरोदे साहेबांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आणि तुम्ही. आज तुम्ही बोललात हे चांगलं केलंत. पण तुमची सही मला यापुढे चालणार नाही.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “पण आज एकदा चालवून घ्या.”

मी कोरा कागद ओढला. सरोदे साहेबांचं पेन तिथेच पडलं होतं, टोपण काढलेलं. मराठीत लिहिलं: फेऱ्या बंद करण्याचा हुकूम तोंडी होता व तो सरोदे साहेबांनी दिला. सिंधूबाई निकम यांनी त्याच वेळी हरकत घेतली होती. ती हरकत मी वर कळवली नाही. न बघता रकाने भरले. ही चूक माझी आहे, त्यांची नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

“काय मिळवलंस?” प्रभुणे साहेब बाहेर पडल्यावर सरोदे साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “मला खाली पाडलंस, स्वतः पडलीस. सही केली असतीस तर एका बाईवर निभावलं असतं.”

“त्या बाईनेच मला काम शिकवलं, साहेब.”

“आणि कोट मी दिला.”

“तो घ्या परत. आणि हे पेन पण.”

कोट काढायला मी पॅकिंगला गेले. घडी घालून निघणार तोच मावशीने तो हातातून ओढून घेतला. पेट्या कापायचं पातं घेतलं आणि खिशावरचा निळा दोरा टाक्याटाक्याने उसवू लागली.

“मावशी, राहू द्या ना. ते लोक बघतील.”

“बघू देत. कोट त्यांचा, नाव आपलं. ते कशापायी द्यायचं?”

सगळी अक्षरं निघाली तेव्हा तिने दोरा बोटाभोवती गुंडाळला, गाठ मारली आणि माझ्या हातात ठेवला. मग टेबलाखालून माझा जुना खाकी एप्रन काढला. वर्षभर तिने तो धुऊन जपून ठेवला होता.

“उद्यापासून स्टोअरचा माल काढायचाय,” ती म्हणाली. “लई पेट्या आहेत. बोलत बसू नकोस.”

मी चौदा महिने तिच्या शेजारी फेऱ्या मारल्या. त्यातून तेवीस सोडा, तीनही परत आले नाहीत. नंतर सरोदे साहेबांनीच मला केबिनमध्ये बोलावलं. प्रभुणे साहेबांचं पत्र टेबलावर होतं, तपासनीस म्हणून खैरनार बाई चालतील. मी दोन अटी घातल्या. नव्या तपासनीसाने पहिले आठ दिवस सिंधूबाईंच्या हाताखाली काढायचे. आणि रेघ बंद. एक नग, एक टिक.

“साठ टिकांना वेळ किती जाईल!”

“मोजलाय, साहेब. दीड मिनिट.”

ते पहिल्यांदाच माझ्यापुढे मोकळं हसले. मावशीने त्याच दोऱ्याने नाव भरायचा प्रयत्न केला, पण तो आखूड पडला. शेवटची दोन अक्षरं तिने लाल दोऱ्याने भरली.

निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली. संध्याकाळी गल्लीतली आठ-दहा मुलं माझ्याकडे गणितं करायला येतात. त्यांच्या वह्या मी एकेक गणित बघत तपासते आणि प्रत्येकावर वेगळी खूण करते. मागच्या आठवड्यात शर्वाणी नावाची नऊ वर्षांची मुलगी, जिला घरी जायची फार घाई असते, मला म्हणाली, “आजी, सगळी बरोबरच आहेत की. एकच मोठी रेघ मारा ना. माझ्या बाई तसंच करतात.”

कपाटावर एक जुना कॉम्प्रेसर असतो. त्या दिवशीचाच, दुसरा, ज्याच्यातून माळ सुटली होती. मावशीने तो भंगारातून उचलून मला दिला होता. मी तो खाली काढला, त्यात तेल घातलं आणि शर्वाणीपुढे ठेवला.

“हा फिरव. मोठ्याने मोज.”

तिने दोन्ही हातांनी शाफ्ट धरला आणि मोजू लागली. सातला थांबली.

“झालं. आता हलका फिरतोय.”

“तुला हलका लागला,” मी म्हटलं. “त्याला विचारलंस का?”

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. बाहेर तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या. मग तिने ओठ घट्ट मिटले, शाफ्ट पुन्हा धरला आणि मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम ओरडून म्हणाली, “आठ!”